न विचारता बांध ओलांडणाऱ्या बाई

बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली आणि पुढं बारा-तेरा वर्षं ती भांडणावरच टिकली. गोड बोलून झालेल्या ओळखी मी पुष्कळ पाहिल्या. त्या एका लग्नाच्या पंगतीपुरत्या पुरतात.

मी तिसरीपर्यंत शिकलो. गुरुजींनी माझा कान धरला, मी गुरुजींचा हात धरला, आणि तिथं माझी शाळा संपली. त्यामुळं शाळेतल्या माणसांपुढं मान खाली घालायची सवय मला लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं लिहिलंय ते कुणाच्या उपकारापोटी लिहिलेलं नाही, एवढं कळेल.

आमचं गाव नाशिकपासून यष्टीनं पाऊण तासावर. माझं रान अडीच एकर. झेंडू, मेथी, कोथिंबीर. माल रोज सकाळी नाशिकच्या बाजारात. रानाच्या वरच्या अंगाला शाळा आणि खालच्या अंगाला ओढा. शाळेतून ओढ्यावर जायचं तर वाट माझ्या रानातूनच. दुसरी वाट नाही. सगळं भांडण ह्या वाटेनं लावलं.

पहिल्या दिवशी काय झालं, मी मोटर बंद करायला रानात गेलो तर झेंडूच्या कडेला तीस-पस्तीस पोरं पालथी पडलेली. त्यांच्या मधोमध एक बाई, लुगडं खोचून, तीही पालथी. मला वाटलं, औषध-बिषध पोटात गेलं. मी धावत सुटलो.

"काय झालं? कोण पडलं?"

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं. मी जवळ जाऊन बघतो तर एक शेणकिडा स्वतःपेक्षा मोठा शेणाचा गोळा मागच्या पायांनी ढकलत चाललेला, आणि ही सगळी वरात त्याच्याकडं डोळे लावून पडलेली.

"मालक," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचा पाय काढा. त्याच्या वाटेत आहे."

रान माझं, शेण माझ्या म्हशीचं, आणि पाय मी काढायचा! पण तोंडातून शब्द निघायच्या आत मी पाय काढला होता. त्याचा राग मला अजून आहे.

बाई शाळेत विज्ञानाच्या. उंच, वाळक्या, आवाज घोगरा. नाशिकहून लुनावर यायच्या. पायात मुलांचे पांढरे पीटीचे बूट आणि हातात बारमाही छत्री. उन्हापावसात ती कधी उघडलेली पाहिली नाही. ती बोट दाखवायला, झुडूप बाजूला सारायला आणि माझ्यासारख्याला चार हात लांब ठेवायला. पिशवीत काड्यापेट्या असायच्या, पंधरा-वीस. एकीत सापाची कात, एकीत मुंगळ्याचं डोकं, एकीत कसलीतरी लेंडी. गावातल्या कुणी विडी पेटवायला काडी मागितली तर बाई पेटी पुढं करायच्या, आणि तो माणूस त्या दिवसापुरता विडी सोडायचा.

त्यांच्या डब्याची गोष्ट शाळेच्या शिपायानं मला सांगितली. शिपाई खोटं बोलत नाही, त्याला तेवढी अक्कल नाही. बाईंचे डबे दोन असत. एकात पोळी-भाजी, दुसऱ्यात घुबडाच्या उलट्या. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि मग केस न् हाडं ह्यांचा गोळा करून ओकून टाकतं. ते गोळे बाई पोरांकडून गोळा करून घेत आणि चिमट्यानं उकलून आतली हाडं मोजायला लावत. एका मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी मोकळेपणानं हात घातला तो नेमका दुसऱ्या डब्यात. त्यांना वाटलं, खजुराचे लाडू.

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "चावू नका. आत कवटी आहे. पोरांची मोजायची राहिलीय."

त्या दिवसापासून मुख्याध्यापक बाईंच्या वाटेला गेले नाहीत, पण त्यांनी बाईंना माफही केलं नाही.

बाईंचा एक नेम होता. पोरांना कुठल्याही जीवाचं नाव आधी सांगायचं नाही. "नाव नंतर. आधी बघ." पोरानं पाखराची चोच कशी, चालतं की उड्या मारतं, शेपूट कधी हलवतं, हे सगळं सांगितलं की मग नाव. परीक्षेत त्या पाच मार्कांचा एक प्रश्न घालायच्या : शाळेत येताना आज वाटेत काय मेलेलं दिसलं, आणि ते कशानं मेलं असेल? आमच्या गावातली पोरं त्या प्रश्नासाठी सकाळी लवकर घरातून निघायची.

नुसत्या पोरांवर त्या थांबल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांना गावालाही शिकवायचं होतं. बायका ओढ्यावर धुणं धूत असल्या की ह्या शेजारच्या दगडावर बसून बेडकांचं सांगायच्या. न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलेल्यांना सापांची चित्रं दाखवायच्या. तिथं गालाला साबण लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

"हा चावला तर काय करायचं?"

"भगताकडं न्यायचं."

"मग तेराव्याचं आमंत्रण आत्ताच देऊन ठेवा. मला गोड कमी लागतं."

लोक हसायचे, चिडायचे, मागून शिव्या द्यायचे. पण पुढं फुरसं चावलं तेव्हा तीन माणसं जीप करून सरळ नाशिकच्या सिव्हिलला गेली आणि पायांनी चालत परत आली. भगत बाईंचं नाव घेतलं की थुंकायचा.

आता शाळाशाळांत निसर्गाचे कार्यक्रम होतात म्हणे. फलक लावतात, पोरांना टोप्या देतात, वाघाची रांगोळी काढतात. शहरातल्या एका मोठ्या शाळेनं असंच एकदा बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. हारासाठी झेंडू माझाच होता, म्हणून मीही गेलो होतो. सगळी पोरं हॉलमध्ये मांडी घालून, पंखे गरागरा. बाई माइकपुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या खोलीत आपल्याशिवाय कोण कोण राहतं, मोजा." पाच मिनिटांत पोरं भिंतींना लोंबकळायला लागली. कोळी सापडले, झुरळं सापडली, कुंभारमाशीची घरं सापडली. मग बाईंनी स्टुलावर चढून संस्थापकांचा फोटो हारासकट खाली उतरवला. मागं पालीची दोन अंडी. बाईंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि संस्थेच्या लोकांना म्हणाल्या, "पिल्लं बाहेर येईपर्यंत लावू नका. संस्थापकांना घाई नाही." त्या शाळेनं बाईंना पुन्हा बोलावलं नाही. पण तिथली एक मास्तरीण पुढं स्वतःच दर महिन्याला पोरं घेऊन आमच्या ओढ्यावर यायला लागली. मग तिच्या ओळखीतली दुसरी. बाईंचं काम असं पसरायचं, खरजेसारखं.

पण मी भांडणाचं सांगत होतो.

दर शनिवारी सकाळच्या शाळेत बाई पोरांना ओढ्यावर न्यायच्या. दर शनिवारी माझ्या रानातून. आणि एकदासुद्धा विचारायच्या नाहीत. माझं म्हणणं काय होतं? या, पण विचारून या. "येऊ का मालक?" एवढं म्हणायला काय जिभेला हाड होतं?

"सातबारा माझ्या नावावर हाय बाई."

"सातबाऱ्यावर त्या चिंचेतल्या पिंगळ्याचं नाव आहे?"

"पिंगळ्याचं कशाला आसंल?"

"तो तुमच्या आधीपासून राहतो. मग तो कागद अपुरा आहे."

ज्या कागदासाठी माझ्या बापानं चुलत्याचं डोकं फोडलं, तो कागद अपुरा! मी तोंडाला येईल ते बोललो. बाईंनी ऐकून घेतलं आणि पोरांना म्हणाल्या, "चला, आवाजानं खंड्या उडाला असेल, पुढच्या डोहावर बघू."

एकदा शांत डोक्यानं मी त्यांना विचारलं, की बाई, तुम्हाला विचारायला होतं काय? त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं ना मालक, तर पोरांना वाटेल हे सगळं कुणाच्यातरी परवानगीनं जगतं."

मी म्हणालो, "आणि मी न मागता दिलं तर पोरांना वाटंल, ह्या माणसाला किंमतच नाय."

दोघंही बरोबर होतो. म्हणून तर मिटेना.

मग एका शनिवारी पोरं मुंगसामागं पळाली आणि माझे कोथिंबिरीचे दोन वाफे तुडवले गेले. मी घरी आलो, नातीच्या वहीतलं पान फाडलं आणि स्वतःच्या हातानं शाळा समितीला अर्ज लिहिला. ही नात बाईंच्याच वर्गात, सहावीत. तिनं पान दिलं, पेन दिलं नाही. पेन मी शेजारून आणलं.

समितीनं ठराव केला : शेतकऱ्याची लेखी परवानगी आणा, नाहीतर शनिवारचं बाहेर जाणं कायमचं बंद. मुख्याध्यापकांनी तो ठराव बाईंना वाचून दाखवला. त्यांचा आवाज तेव्हा फार गोड झाला होता असं शिपाई म्हणाला.

बाईंनी माझ्याकडं येऊन एक शब्द टाकायचा होता. मी तर कागद तयार करून खिशात ठेवला होता, खोटं कशाला सांगू. बाई आल्या नाहीत. पहिल्या शनिवारी वर्गातून पाढे ऐकू आले. दुसऱ्या शनिवारी पाढे. तिसऱ्या शनिवारी ती शहरातली मास्तरीण पोरं घेऊन आली आणि शाळेच्या फाटकातूनच परत गेली. नात माझ्याशी बोलेना, ताट वाढून आपटून निघून जायची. समितीची पुढची बैठक मंगळवारी होती. त्यात शनिवारचा तास वेळापत्रकातून काढून त्या जागी गणित घालायचं ठरणार होतं. एकदा वेळापत्रकात गणित शिरलं की ते निघत नाही, एवढं मला तिसरी शिकूनही माहीत होतं.

आणि चौथ्या शनिवारी माझ्या विहिरीत बिबट्या पडला.

सकाळी मोटर चालू करायला गेलो तर खालून गुरगुर. वाकून बघतो तर पाईपाला धरून बसलेला, अंग भिजलेलं, डोळे माझ्यावर. मी बोंब मारली. ती बोंब मारली नसती तर पुढचं काही झालं नसतं, पण बिबट्या बघितल्यावर बोंब न मारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

नऊ वाजेपर्यंत तीन गावं माझ्या रानात. मोटरसायकली, जीपा, पिकअप. ओझरच्या कारखान्यातले लोक पाळी बुडवून आले. एक भेळवाला गाडी घेऊन आला. पोरंटोरं ढेकळं मारायला लागली, कुणी वरून फटाका टाकला, की तो उडी मारायचा, घसरायचा, पुन्हा पाण्यात. आणि मी? मी विहिरीच्या काठावर निवडून आल्यासारखा उभा. "मी पहिला पाहिला. इथनं बघा, इथनं नीट दिसतो." दोन वाफ्यांसाठी अर्ज लिहिणारा मी, माझा दसऱ्याचा सगळा झेंडू पायाखाली गेला तरी माझं तिकडं लक्ष नव्हतं.

वनखात्याची दोन माणसं आली. एक शिडी, एक दोर. त्यातला मोठा हात जोडून सांगत होता, "मागं व्हा. शिडी सोडतो, तो आपला आपण वर येऊन निघून जाईल. पण माणसं असली तर येणार नाय. आन् आला तर तुमच्याच अंगावर येईल." कोण ऐकतो? एक पोलीस होता, तोही वाकून बघत होता.

तेवढ्यात बाई आल्या. विहिरीकडं बघितलंही नाही. सरळ त्या वनखात्याच्या माणसाकडं.

"काय हवंय?"

"माणसं हटवा बाई. बाकी काय नको."

बाई परत गेल्या आणि शाळेतून सहावी-सातवी घेऊन आल्या. कुणाला विचारून? कुणालाच नाही. पोरांच्या हातात रस्सीखेचीचा जाड दोर. शाळेच्या बाजूनं शिरून पोरं विहीर आणि माणसं ह्यांच्या मधे दोर धरून रांगेत उभी राहिली, काठापासून जमेल तेवढी लांब, आणि बाईंनी सांगितलं, "विहिरीकडं पाठ. तोंड माणसांकडं. कुणी वळायचं नाही. चला."

आणि ती रांग चालायला लागली. पावलापावलानं माणसं मागं रेटत, डांबरी रस्त्याकडं. दोरावर पोलीस असता तर लोकांनी ढकलला असता. पण समोर ज्याचं त्याचं पोर.

"ए गुड्डे, सरक. बाप हाय मी तुझा!"

"घरी बाप. दोराच्या आत नाय यायचं."

"घरी ये, मग दावतो तुला."

"आईला सांगीन, कामाला दांडी मारून हितं आलाय म्हनून."

बाप मागं सरला. सरपंच मागं सरले. भेळवाला गाडीसकट मागं सरला. मग दोर माझ्यापाशी आला. धरणारी माझी नात.

"आबा, तुमीपन."

"अगं, इहीर माझी हाय!"

"आसू दे. बिबट्याला म्हाईत नाय."

तीन आठवड्यांनी ती माझ्याशी बोलली ती हे. मी मागं सरलो. माझ्या रानातून मला बाहेर काढून डांबरी रस्त्यावर उभा केला, आणि समोर बाई, विहिरीकडं पाठ करून.

"बाई, जरा जाऊ का आत? मोटरचं बटन…"

"नाही."

वनखात्याच्या माणसांनी शिडी सोडली आणि तेही लांब झाले. मग नुसती वाट बघणं. ऊन डोक्यावर. बाईंनी भेळवाल्याला सांगून सगळ्या पोरांना भेळ द्यायला लावली. एका हातात कागद, एका हातात दोर. लोक हळूहळू गप्प झाले. एवढी माणसं आणि एवढी शांतता मी आमच्या गावात मयतालाही पाहिली नाही. तिथंही कुणीतरी भांडतंच.

दुपार कलली तेव्हा विहिरीच्या काठावर डोकं आलं. मग खांदे. आम्ही सगळे त्याच दिशेला तोंड करून, म्हणून आम्हाला दिसलं. बाईंच्या खांद्यावरून मला अगदी नीट दिसत होतं.

"बाई," मी म्हणालो, "बघा! आला! आवो, बघा की!"

बाईंनी डोळे पोरांवरून हलवले नाहीत. "मी वळले तर पोरं वळतील," म्हणाल्या. "तुम्ही सांगा. कुठं आहे?"

"काठावं हाय… खाली उतारला… बांधापाशी… उसात शिरला. गेला."

"नक्की?"

"गेला बाई."

"सोडा रे दोर."

पोरं वळली तेव्हा माझं रिकामं रान होतं. लोकांनी एकदम बोलायला सुरुवात केली, जो तो दुसऱ्याला सांगत होता, की त्यानं माझ्याकडंच बघितलं. बाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि बुटातली माती झटकायला लागल्या.

मी म्हणालो, "तुमी काय, लय बघितले आसतील. तुमाला कौतुक नाय."

"एकही नाही पाहिला," बाई म्हणाल्या. "पिंजऱ्यातला पाहिलाय, तो धरत नाही. ठसे पाहिलेत, ओरखडे पाहिलेत. विष्ठा तर इतकी उकललीय की पोटातलं सगळं माहीत आहे. तोंड तेवढं राहिलंय." बूट घालून त्यांनी नाडी बांधली. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मालक, कसा होता?"

इतक्या वर्षांत बाईंनी स्वतःसाठी मला काही विचारलं ते हे पहिल्यांदा.

"पिवळा व्हता."

"कसा पिवळा?"

"झेंडूवानी."

"कोणत्या झेंडूसारखा? तुम्ही तीन रंगांचे लावता."

माझं आयुष्य पिवळ्यावर गेलं. अंधारात पाकळी चोळून मी भाव सांगतो. आणि मला तो रंग सांगता येईना.

"शेपूट कशी होती? वर की खाली? उसात शिरताना मागं वळून पाहिलं का त्यानं?"

"शेपूट… व्हती."

"मालक," बाई म्हणाल्या, "शेपूट असणारच."

एवढंच. हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. छत्री उचलली, पोरं मोजली आणि शाळेकडं चालायला लागल्या. ज्या बाईनं जन्मभर वाट बघितली तिनं पाठ फिरवून धरली, आणि जे बघायला मिळालं ते माझ्यासारख्यानं वाया घालवलं. मला कुणी नापास केलं तर मी हात धरतो. इथं हात धरायला कुणी नव्हतं.

रविवारी मी मोडलेला झेंडू उपटला. खिशातला जुना कागद काढून फाडला, कारण त्यात "बाईंनी विचारल्यावरून" असं लिहिलेलं होतं, आणि ते खोटं होतं. सोमवारी शाळा भरल्या भरल्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसलो.

"या, या. अर्ज मागं घेताय ना?" त्यांचा चेहरा पडला होता.

"नाय. अर्ज खरा हाय. न विचारता येतात म्हंजे येतात."

चेहरा उजळला. "मग?"

मी नवीन कागद पुढं केला. त्यांनी मोठ्यानं वाचला. "शाळेची पोरं दर शनिवारी माझ्या रानातून ओढ्यावर जातील. त्यासाठी बाईंनी मला विचारायचं नाही. विचारलं तर परवानगी रद्द." त्यांनी चष्मा काढला. "अशी परवानगी असते का कुठं?"

"आता हाय. समितीला दावा. लेखी मागितली व्हती, लेखी दिली."

बाईंना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला. मग पुन्हा वाचला. मला वाटलं, आता आभार मानतील, गेला बाजार चहा तरी सांगतील. बाईंनी कागद मुख्याध्यापकांपुढं ठेवला, म्हणाल्या, "सर, फायलीला लावा," आणि निघून गेल्या.

मुख्याध्यापक फाईल शोधायला लागले. तेवढ्यात बाकं सरकल्याचा आवाज आला. मग पायांचा. खिडकीतून बघतो तर सगळी सहावी रांगेनं फाटकाबाहेर, पुढं बाई, आणि पुढचं पोर माझ्या बांधावर चढलेलं.

"ओ बाई!" मी खिडकीतून ओरडलो. "आज सोमवार हाय! कागदात शनिवार लिवलंय!"

बाईंनी मागं न बघता छत्री वर केली आणि बांध ओलांडला.

मी चपला पायात सरकवल्या आणि भांडायला म्हणून त्यांच्या मागं निघालो.